वऱ्हाडचा आखाडा बर्लिनला गेला तेव्हा

वऱ्हाडात मे महिना म्हणजे शाळांना कुलूप. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, विहिरींनी तळ गाठलेला, सकाळी दहानंतर रस्ते ओस. अशा दिवसांत जोर, बैठका, लाठी आणि मलखांब शिकवायचा वर्ग भरवणे कोणालाही अवघडच वाटेल. अमरावतीच्या हनुमान आखाड्याने १९२४ साली वर्ग सुरू केला तो मात्र नेमका उन्हाळ्यात. त्यामागचा हिशेब साधा होता. ज्यांना शिकवायचे ते शाळामास्तर होते, आणि मास्तरांना सवड मिळते ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच. ऊन चुकवायचे तर पहाटे मैदानात उतरायचे, दिवस कलल्यावर पुन्हा उतरायचे. बाकी सोसायचे. भारतातल्या क्रीडाशिक्षणाची एक मोठी परंपरा या सुट्टीतल्या वर्गातून निघाली, आणि तिच्याकडे आपण अजून पुरेसे पाहिलेले नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला अमरावती कधीच परकी नव्हती. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे जुन्या वऱ्हाडचे चार जिल्हे. त्यांतला आमचा जंगलाचा, सागवानाचा, कापसाचा. आधी वून म्हणजे वणी या नावाने ओळखला जाणारा. यवतमाळहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेने मुर्तिजापूर गाठायचे, तिथे मोठ्या लाईनची गाडी पकडायची आणि बडनेऱ्याला उतरून अमरावतीत शिरायचे, ही वाट कोर्टकचेरीची तशीच शिक्षणाचीही होती. पुढे अमरावती विद्यापीठ झाले तेव्हा यवतमाळची महाविद्यालयेही त्याच छत्राखाली आली. म्हणून अमरावतीच्या आखाड्याचा इतिहास मी शेजारच्या गावाचा म्हणून लिहीत नाही. आमच्या शाळेत पीटीचे जे सर होते, ते अमरावतीला शिकून आलेले. हुतुतूत कोपऱ्यावरच्या गड्याने चढाईवाल्याच्या छातीकडे नव्हे, घोट्याकडे नजर ठेवायची, आणि घोटा हाती आला की अंगाचा सगळा भार मागे टाकायचा, हे त्यांनी आम्हाला शब्दांत सांगितले होते. आधी शब्दांत, मग संथपणे करून, मग शिट्टीवर. गावच्या मैदानात हुतुतू आम्ही रोजच खेळत होतो, पण तो शिकवता येतो हे पहिल्यांदा तेव्हा कळले.

या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. वस्तादाच्या अंगात मुरलेली विद्या वर्गात, ओळीने उभ्या राहिलेल्या शंभर जणांना शिकवता येईल अशा रूपात कशी आली, आणि ती कोणी आणली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात आखाड्यांची वाण नव्हती. पेठेपेठेत लाल मातीचा हौदा, हनुमानाची मूर्ती, कोपऱ्यात मुद्गल आणि करेल्यांच्या जोड्या. नागपंचमीला दंगल. १९०२ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, तरी आखाड्यांच्या रीतीत काही फरक पडला नाही. विद्या वस्तादाकडे असे. पट्ठ्याने वर्षानुवर्षे माती उकरावी, वस्तादाचे अंग रगडावे, आणि वस्तादाच्या मनात येईल तेव्हा एखादा डाव पदरात पडावा. तरीही शेवटचा एक डाव वस्ताद राखून ठेवणार, हे सगळ्यांना ठाऊक. या पद्धतीतून मल्ल तयार झाले, मोठे मल्ल तयार झाले. शिक्षक मात्र तयार होईनात, कारण शिकवण्याची रीत कुठे बांधलेलीच नव्हती.

दुसरीकडे सरकारी शाळांत कवायत आली होती. तिचे मूळ स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग नावाच्या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ साली स्टॉकहोममध्ये राजाच्या पाठबळाने व्यायामाचे विद्यालय काढले. युरोपातल्या शारीरिक शिक्षणाचे ते आद्यपीठच म्हणायचे. तिथली हातपाय ताठ ठेवून करायची कवायत इंग्लंडच्या शाळांत गेली आणि तिथून आपल्याकडे उतरली. शिकवायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. हुकूम इंग्रजीत. मुलांना ना हुकूम कळे, ना त्यातला रस. म्हणजे एका बाजूला शिकवण्याची बांधीव पद्धत होती पण तिच्यात आपला प्राण नव्हता, आणि दुसऱ्या बाजूला प्राण होता पण पद्धत नव्हती.

ही फट बुजवण्याचे काम मराठी मुलखात अनेक ठिकाणी एकाच सुमारास सुरू झाले. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात प्राध्यापक माणिकरावांनी कवायतीचे हुकूम हिंदीत आणले आणि लाठी, लेझीम, जोडी यांना सांघिक कवायतीचे रूप दिले. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापले आणि १९२३ मध्ये स्पर्धा भरवली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाला प्रयोगशाळेत नेले. पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडामागून खंड काढून ही सगळी सामग्री कागदावर आणली. या माणसांनी अंगाची विद्या अक्षरात आणण्याचे काम केले, आणि त्या कामाच्या मानाने आपण मानलेले ऋण फार तोकडे आहे.

अमरावतीचे काम या सगळ्यांहून थोडे वेगळ्या अंगाने गेले. अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ साली आखाडा काढला तेव्हा तो इतर आखाड्यांसारखाच होता. दहा वर्षांत त्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व्हायला लागले आणि त्या नावातला ‘प्रसारक’ हाच वैद्य बंधूंच्या मनातला खरा विचार होता. आपल्या आखाड्यातून चार नामांकित पैलवान काढण्यापेक्षा गावोगावी व्यायाम शिकवू शकणारी माणसे काढावीत, असे त्यांनी ठरवले. अमरावतीतले डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांनी पुढे तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचले, तेही या मंडळाच्या जवळच्या माणसांपैकी.

मलखांबाचे उदाहरण घेऊ, कारण शिकवण्याची खरी परीक्षा तिथेच होते. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. सागवानाचा किंवा शिसवीचा खांब, खाली जाड, वर निमुळता, वर मान आणि तिच्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळायचे. तेल कमी झाले तर मांडीची कातडी सोलून निघते, जास्त झाले तर पकड सुटून माणूस डोक्यावर येतो. नवख्याला पहिली येते ती साधी अढी: दोन्ही हातांनी खांब धरायचा, कंबर वर फेकायची, आणि डोके जमिनीकडे असताना मांड्यांनी खांब पकडायचा. बघणाऱ्याला वाटते, जोर हातांचा आहे. तो हातांचा नसतो. कंबर वर जाण्याचा क्षण आणि हात सुटण्याचा क्षण यांच्यामध्ये जे निमिष असते, तिथे माणूस घाबरतो आणि हात आधीच आवळून धरतो; मग कंबर वर जातच नाही. जुन्या वस्तादाने यावर दिलेला उपाय एकच, पाठीवर थाप आणि पुन्हा कर. शिक्षकाला मात्र हे सांगता आले पाहिजे की चूक कंबरेत नसून भीतीत आहे, आणि ती घालवायला आधी हाताचा आधार कसा द्यायचा, मग तो कसा काढून घ्यायचा. अढीनंतर तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारे. एकेका प्रकाराची पायरी, आणि पायरीला आकडा. आकडा आला की हुकूम देता येतो, हुकूम देता आला की दहा खांबांवर दहा मुले एकदम चढवता येतात.

हे काम दिसायला किरकोळ आहे. दंगल जिंकण्यात जी वाहवा आहे ती यात नाही. पण उमरखेड किंवा पांढरकवड्याच्या शाळेतला मास्तर उन्हाळ्यात ही पायऱ्यांची विद्या घेऊन परत गेला, की जूनमध्ये त्याच्या शाळेत वस्तादाशिवाय आखाडा उभा राहू शकत होता. मला अमरावतीचे मोठेपण इथे दिसते. कुठल्याही राज्याने, कुठल्याही संस्थानिकाने हुकूम काढून ते घडवले नव्हते. मद्रासला १९२० साली हॅरी बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले ते मिशनच्या बळावर. मुंबई सरकारने कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली ती १९३८ साली, काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर. अमरावतीच्या वर्गाला तोवर चौदा वर्षे झाली होती.

इंग्रज सरकारची आखाड्यांवर नजर असे, आणि ती अनाठायी नव्हती. खेडचा शिवराम हरी राजगुरू याच अमरावतीच्या आखाड्यात व्यायाम शिकून गेलेला. २३ मार्च १९३१ ला तो भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात जंगल सत्याग्रह पेटला होता. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. पाठोपाठ यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला. त्या सत्याग्रहात विळा हातात घेऊन जंगलात शिरणाऱ्या तरुणांना दहा-वीस कोस चालण्याची आणि लाठीचा मार खाऊन उभे राहण्याची सवय कुठून आली, याचे उत्तर गावच्या तालमीत शोधावे लागते.

आणि राजगुरूच्या फाशीनंतर पाच वर्षांनी याच आखाड्याची पोरे बर्लिनला गेली.

१९३६ चे ऑलिंपिक १ ते १६ ऑगस्ट या काळात झाले. त्याच्या निमित्ताने बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि विद्यार्थी यांचे आंतरराष्ट्रीय मेळे भरले. संयोजन समितीचे सरचिटणीस कार्ल डीम स्वतः या क्षेत्रातले; १९२० साली बर्लिनमध्ये जर्मनीचे व्यायाम-विद्यापीठ उभे करणाऱ्यांत ते प्रमुख होते. खेळाडू जिंकतात-हरतात, पण खेळ शिकवणाऱ्यांनीही एकत्र यावे, ही कल्पना त्या मंडळींची. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली तिथे गेला तो पदके जिंकायला नव्हे, आपले खेळ दाखवायला. हुतुतू दाखवला, मलखांब दाखवला, लाठी-लेझीम दाखवली. कबड्डीच्या, म्हणजे याच हुतुतूच्या, इतिहासात हा खेळ परदेशी प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा आला तो प्रसंग म्हणून बर्लिनचा उल्लेख होतो, आणि त्या उल्लेखाला लागून अमरावतीचे नाव येते.

युरोपातल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने हुतुतू म्हणजे काय असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. चेंडू नाही, काठी नाही, जाळे नाही. एक माणूस एका दमात ‘हुतुतू’ म्हणत सात जणांच्या घरात शिरतो, आणि त्याचा श्वास हेच घड्याळ. श्वास तुटला की तो बाद. लिंगच्या कवायतीत श्वास मोजला जाई तो हुकमाने. इथे तो खेळाचा नियमच होता. शारीरिक शिक्षणाच्या जाणकारांपुढे मांडायला यासारखी दुसरी गोष्ट आपल्याकडे नव्हती.

या दौऱ्याची आठवण सांगताना हिटलरच्या हातच्या पदकाची गोष्ट हमखास निघते. तिचे मला भूषण वाटत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये ग्रेटेल बर्गमान या उंच उडी मारणाऱ्या जर्मन मुलीला ती ज्यू आहे एवढ्यासाठी संघातून वगळले होते, आणि त्या रोषणाईमागे काय शिजत होते ते तीन वर्षांत जगाने पाहिले. ज्या देशाचे राजकारण असे, तिथल्या सत्ताधीशाची शाबासकी आपल्या आखाड्याच्या कीर्तीत मोजू नये. मोजायची तर दुसरी गोष्ट मोजावी. १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला हॉकीत ८-१ ने हरवले. सामन्याआधी त्या संघाने कपडे बदलायच्या खोलीत तिरंग्याला वंदन केले होते, कारण मैदानावर त्यांना इंग्रज सरकारचा झेंडा घ्यावा लागे. अमरावतीचा चमूही त्याच गुलाम देशाचा. पण त्याने दाखवलेल्या खेळांवर कुठल्याही साम्राज्याचा शिक्का नव्हता.

त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात आणखी एका देशाचा असाच चमू आला होता: चीनचा. त्यांनी आपली युद्धकला, आज जिला वुशू म्हणतात ती, दाखवली. त्या चमूत स्त्रियाही होत्या. फू शूयुन हे त्यांतले एक नाव. आणि त्यांच्यात झेंग हुआइशिआन नावाचा एक वस्ताद होता, त्रिशुळासारखे शस्त्र अंगाभोवती खेळवणारा, सुन लुतांग या विख्यात गुरूचा शिष्य. अमरावतीकर आणि हे चिनी कलावंत एकमेकांना भेटले का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. दोन्ही देशांपुढचा पेच एकच होता हे महत्त्वाचे. चीनमध्येही विद्या घराण्यांच्या हातात, गुरू आपल्या कुळाबाहेर शिकवायला नाखूश, शेवटचा डाव तिथेही राखून ठेवलेला. तिथेही लोकांना सतत ऐकवले जाई की तुमचा देश आशियातला रोगी माणूस आहे. १९१७ साली तरुण माओने आपला पहिला छापील लेख लिहिला तो शारीरिक शिक्षणावर, आणि त्याची सुरुवातच राष्ट्राची ताकद खालावल्याच्या तक्रारीने होती. वैद्य बंधूंच्या आखाड्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती.

चीनने पेच सोडवला तो मात्र सरकारच्या मार्फत. १९२८ साली नानजिंगला सरकारी पाठबळाने राष्ट्रीय युद्धकलेची केंद्रीय संस्था निघाली. प्रांतोप्रांतीच्या गुरूंना एका छताखाली आणून त्यांच्याकडून अभ्यासक्रम बांधून घेतला. जपानशी युद्ध पेटल्यावर ती संस्था पश्चिमेकडे हलत गेली. १९४२ साली सिचुआन प्रांतात चेंगदूला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय निघाले, आणि पुढे झेंग हुआइशिआन तिथे प्राध्यापक झाला. त्याने केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. युद्धकलेच्या गुरूला हाडवैद्यकी येतेच. आपल्या वस्तादांनाही येत असे. झेंगने ती हाडवैद्यकी चेंगदूच्या संस्थेत विषय म्हणून उभी केली, खेळाडूंसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, आणि त्यातून क्रीडावैद्यकाची एक शाखाच निघाली. आपल्याकडे निखळलेला खांदा बसवणारे, मुरगळलेला घोटा उतरवणारे वस्ताद गावोगावी होते. त्यांची विद्या अमरावतीनेच काय, बहुतेक संस्थांनी अशी हाती घेतली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली. ही उणीव मोठी आहे आणि ती बोलून दाखवायला हवी.

नव्या चीनने हा मार्ग आणखी रुंद केला. शांघायला १९५२ साली, बीजिंगला १९५३ साली शारीरिक शिक्षणाच्या संस्था निघाल्या. बीजिंगची संस्था १९९३ पासून क्रीडा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि चीनच्या कितीतरी ऑलिंपिक विजेत्यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. खेळाडू, प्रशिक्षक, संशोधक, वैद्य असे सगळे एका आवारात. पैसा राज्याचा, निवड राज्याची, ध्येयही राज्याचेच. लहानपणीच मुलांना उचलून वर्षानुवर्षे घडवण्याच्या त्या पद्धतीत मुलाचे बालपण किती उरते, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण खेळ हा विद्यापीठाचा विषय आहे हे त्यांनी शंभर टक्के मानले.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने ग्वाल्हेरला १९५७ मध्ये लक्ष्मीबाईंच्या नावाचे महाविद्यालय काढले, पतियाळाला १९६१ मध्ये प्रशिक्षकांची राष्ट्रीय संस्था. अमरावती आपल्या वाटेने चालत राहिली. १९४९ मध्ये मंडळाचा चमू स्टॉकहोमला दुसऱ्या लिंगियाडला गेला. लिंगच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली म्हणून १९३९ मध्ये स्वीडनने जागतिक व्यायाम-मेळा भरवला होता, त्याचाच हा दुसरा सोहळा. वऱ्हाडच्या शाळांतली कवायत ज्या गावातून निघाली होती, त्या गावात वऱ्हाडचे पथक मलखांब घेऊन गेले, आणि आता ते स्वतंत्र देशाचे होते.

१९६७ मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत उरकणारा वर्ग आता वर्षांचा अभ्यास झाला. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री आमच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. शाळा वाढत होत्या, माध्यमिक शाळा तालुक्याहून खेड्यात जात होत्या, आणि प्रत्येक शाळेला शारीरिक शिक्षणाचा मास्तर हवा होता. यवतमाळ जिल्ह्यात त्या काळापासून पीटीच्या सरांची जी पिढी दिसते, तिच्या प्रमाणपत्रांवर अमरावतीचे नाव वारंवार दिसते. वैद्य घराण्यातले पद्मश्री प्रभाकरराव वैद्य यांनी मंडळाचा पुढचा दीर्घ काळ सांभाळला आणि आखाड्याचे आवार व्यायामाबरोबर इतर शाखांच्या शिक्षणानेही भरून गेले.

या विस्तारात एक गोष्ट हरवली असे माझे मत आहे. पदवी आली तशी नोकरीची ओढ आली, आणि नोकरभरती थांबली की पदवीचा अर्थच हरपला. शाळेत पीटीचा तास गणिताला किंवा इंग्रजीला उसना देण्याची रीत पडली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली मुले पोलिसभरतीच्या अकादम्यांत धावायचे शिकवू लागली. १९२४ च्या वर्गात येणाऱ्या मास्तराकडे नोकरी आधीच होती. तो यायचा ते विद्येसाठी. हा फरक लहान नाही. राज्याने २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीच्या संकुलात क्रीडा विद्यापीठासाठी कायदा केला, हे स्वागतार्ह आहे. पण विदर्भाच्या खेड्यातल्या शिक्षकापर्यंत त्या विद्यापीठाने पोचायचे तर वैद्य बंधूंचा जुना हिशेब त्याला पुन्हा मांडावा लागेल: शिकणाऱ्याला सवड केव्हा असते, आणि तो परतल्यावर त्याच्या मैदानात काय असते.

बर्लिनला दाखवलेल्या खेळांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धेत कबड्डी घेतली गेली. १९५० मध्ये तिचा अखिल भारतीय महासंघ झाला. महाराष्ट्रात शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी नियम, पंच, संघटना यांसाठी आयुष्य दिले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डीचे प्रदर्शन झाले. पण पदकाचा खेळ म्हणून ती पहिल्यांदा मैदानात उतरली ती १९९० च्या एशियाडमध्ये, आणि ते एशियाड होते बीजिंगला. त्याच स्पर्धेत वुशूलाही पहिल्यांदा पदकाचा दर्जा मिळाला. १९३६ मध्ये बर्लिनला पाहुण्यांपुढे नुसत्या दाखवायच्या म्हणून आणलेल्या दोन विद्या चोपन्न वर्षांनी एकाच स्पर्धेत पदकांच्या यादीत शिरल्या. त्या स्पर्धेत भारताला अवघे एक सुवर्ण मिळाले, आणि ते कबड्डीत. झेंग हुआइशिआन १९८१ मध्ये गेला होता. बर्लिनला गेलेल्या अमरावतीकरांचीही पिढी तोवर मागे पडली होती.

त्यानंतर भारताने एशियाडच्या कबड्डीत सुवर्ण जवळजवळ आपल्या मालकीचे करून टाकले. २०१० मध्ये चीनच्याच ग्वांगझूला महिलांच्या कबड्डीलाही पदक आले आणि तेही भारताने जिंकले. ही मक्तेदारी मोडली २०१८ मध्ये जकार्त्याला. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले. इराणच्या त्या मुलींना शिकवले होते नाशिकच्या शैलजा जैन यांनी. भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे, खेळ मुलींना अनोळखी नसला तरी त्यातली मराठी मैदानांची तंत्रे नवी. त्या तिथे राहिल्या, मुलींची भाषा थोडी शिकल्या, आणि संघ उभा केला. आपल्या देशाचे पदक गेले म्हणून अनेकांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. मला त्या दिवशी आठवला तो १९२४ चा वर्ग. वस्तादाने शेवटचा डाव राखून ठेवायची रीत जिथे मोडायला सुरुवात झाली, तिथून पुढे चालत आलेली ही एक शिक्षिका तेहरानच्या मुलींना कोपऱ्यावरून घोटा कसा धरायचा ते सगळे, काहीही न राखता, शिकवून आली होती.